चर्चा: व्हिएन्नाच्या यूडेनप्लात्सवर सिनॅगॉगचे अवशेष पुरेसे नव्हते का?

वाटसरू (चर्चाप्रस्ताव)

व्हिएन्नाच्या जुन्या शहरात यूडेनप्लात्स, म्हणजे ज्यूंचा चौक, या नावाची एक लहानशी मोकळी जागा आहे. गेल्या ऑक्टोबरात मी तिथे लागोपाठ दोन दिवस गेलो. पहिल्या दिवशी चौकातले स्मारक पाहिले आणि दुसऱ्या दिवशी त्याच चौकाच्या पोटातले अवशेष. दुसऱ्या दिवशी वर आल्यावर जो प्रश्न मनात आला तो अजून गेलेला नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना ही जागा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. तेराव्या शतकाच्या मध्यास इथे एक सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, उभे राहिले आणि पुढच्या दीडशे वर्षांत ते टप्प्याटप्प्याने वाढवले गेले. भोवती ज्यूंची वस्ती होती आणि १४०० च्या सुमारास तिथे आठशेच्या आसपास माणसे राहत होती. त्यांत सावकार आणि व्यापारी होते, तसेच दूरदूरच्या विद्यार्थ्यांना ओढून घेणारे पंडितही होते. मे १४२० मध्ये ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने या सगळ्यांना अटक करवली. ख्रिस्ती उपासनेतल्या पवित्र भाकरीची विटंबना केल्याचा आणि बोहेमियातल्या हुसाइट, म्हणजे धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायी, बंडखोरांशी संगनमत असल्याचा आरोप ठेवला गेला. ड्यूकला हुसाइटांशी लढण्यासाठी पैसा हवा होता, हेही विसरून चालणार नाही. गरिबांना होड्यांत बसवून डॅन्यूबच्या प्रवाहात सोडून दिले, श्रीमंतांना कोठडीत डांबून त्यांची मालमत्ता काढून घेतली, आणि उरलेल्या दोनशेहून अधिक स्त्री-पुरुषांना १२ मार्च १४२१ रोजी शहराबाहेर एर्डबर्ग येथे जिवंत जाळले. या सगळ्या प्रकरणाला ज्यू परंपरा 'गेझेरा' म्हणते; हिब्रूत त्याचा अर्थ फर्मान. सिनॅगॉग पाडले गेले आणि त्याचे दगड विद्यापीठाच्या बांधकामाला वापरले गेले.

त्यानंतर ही जागा पावणेसहाशे वर्षे फरसबंदीखाली गप्प राहिली. १९९४-९५ च्या सुमारास नाझी गुन्हेगारांचा माग काढणारे सायमन विझेन्थाल यांच्या आग्रहामुळे नाझी काळात मारल्या गेलेल्या ऑस्ट्रियन ज्यूंचे स्मारक याच चौकात उभारायचे ठरले, आणि त्यासाठी जमीन तपासताना १९९५ पासून सिनॅगॉगच्या भिंतींचे पाये, फरशी आणि सहाकोनी बीमाचा चौथरा हाती लागला. (तोराचे, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाचे, वाचन ज्या उंच ओट्यावरून होते त्याला बीमा म्हणतात, आपल्या आयुर्विम्याशी त्याचा संबंध नाही.) स्पर्धेत रेचल व्हाइटरीड या इंग्रज शिल्पकर्तीचा आराखडा निवडला गेला होता. हे स्मारक म्हणजे काँक्रीटमधली एक खोली आहे. तिच्या भिंती पुस्तकांच्या फडताळांच्या आहेत, पण सगळ्या पुस्तकांचे कणे आत वळलेले असल्यामुळे एकाही पुस्तकाचे नाव वाचता येत नाही, आणि दाराला मूठ नाही. चार वर्षे वाद झाला. शेवटी स्मारक ठरल्या जागेपासून एक मीटर सरकवण्यात आले, जेणेकरून ते बरोबर बीमाच्या डोक्यावर येऊ नये. २५ ऑक्टोबर २००० रोजी त्याचे अनावरण झाले, आणि अवशेष सुमारे साडेचार मीटर खोलीवर, शेजारच्या इमारतीतल्या संग्रहालयातून जाणाऱ्या भुयारी वाटेच्या टोकाला राहिले.

माझे म्हणणे असे आहे. ज्या क्षणी बीमा सापडला त्या क्षणी या चौकाला दुसऱ्या स्मारकाची गरज उरली नव्हती. खरी वास्तू पायाखाली असताना तिच्यावर तिची उपमा ठेवणे हा मला उफराटा न्याय वाटतो. चौकातून जाणारा माणूस काँक्रीटची खोली पाहतो, छायाचित्र काढतो आणि पुढे जातो. ज्या घराचे छप्पर खरोखर उतरवले गेले ते घर त्याला दिसतच नाही. चौक खुला ठेवावा, अवशेष उघडे करावेत आणि व्हाइटरीड यांची कलाकृती शहरात अन्यत्र न्यावी, असे तेव्हा अनेकांनी सुचवले होते. त्यांचे ऐकायला हवे होते असे मला आज वाटते. इतरांची मते वाचायला आवडतील.

अर्थात

वाटसरू यांचा प्रस्ताव मनापासून लिहिलेला आहे, पण त्यातली मूळ कल्पना मला धोक्याची वाटते. कारण सांगतो.

१९४५ नंतरचा ऑस्ट्रिया दीर्घकाळ स्वतःला हिटलरचा पहिला बळी म्हणवून घेत होता. मित्रराष्ट्रांच्या १९४३ च्या मॉस्को घोषणेतले तेवढे एक वाक्य उचलून त्या देशाने त्यावर चार दशके काढली. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार वाल्डहाइम यांच्या युद्धकाळातल्या भूमिकेवरून वाद पेटला तेव्हा या समजुतीला पहिला मोठा तडा गेला, आणि १९९१ मध्ये चान्सलर फ्रानित्स्की यांनी संसदेत ऑस्ट्रियन लोकांच्या सहभागाची जबाबदारी मान्य केली. म्हणजे यूडेनप्लात्सचा वाद सुरू झाला तेव्हा या कबुलीला पाच वर्षेही झाली नव्हती. अशा वेळी शहराच्या मधोमध कोणते पाप दाखवायचे, हा प्रश्न केवळ सौंदर्यदृष्टीचा राहत नाही. १४२१ ची राख दाखवली की दोषी कोण ठरतो? एक ड्यूक, काही धर्मोपदेशक आणि 'अंधारयुग'. पाहणारा सुस्कारा सोडतो आणि आपण किती सुधारलो याचे समाधान घेऊन घरी जातो. ज्या पासष्ट हजार माणसांना १९३८ नंतर मारण्यात आले त्यांचे शेजारी, त्यांच्या घरांत राहायला गेलेली कुटुंबे आणि त्यांची दुकाने ताब्यात घेणारी माणसे १९९५ मध्ये हयात होती. त्यांना मध्ययुगाच्या आड लपायला जागा देणे हा न्याय नव्हे.

दुसरे असे की १४२१ च्या वस्तीचा आणि १९३८ च्या व्हिएन्नातल्या ज्यूंचा वारसा सरळ रेषेत जोडता येत नाही. आल्ब्रेख्तनंतर वस्ती संपली. सतराव्या शतकात नदीपलीकडे नवी वस्ती बसली, तीही १६७० मध्ये सम्राट लिओपोल्ड पहिला याने उठवली, आणि आज त्या भागाला त्याच्याच नावावरून लिओपोल्डश्टाट म्हणतात. (हाकलणाऱ्याचे नाव वस्तीला चिकटावे, हा इतिहासाचा नेहमीचा विनोद.) एकोणिसाव्या शतकात गॅलिशिया, बोहेमिया, मोराव्हिया आणि हंगेरीतून आलेल्या लोकांनी जो समाज घडवला तो नाझींनी संपवला. त्या माणसांच्या मृत्यूची साक्ष तेराव्या शतकातल्या पायाच्या दगडांनी द्यावी, ही अपेक्षा त्या दगडांवर अन्यायाची आहे आणि त्या माणसांवरही.

विझेन्थाल यांनी हा आग्रह का धरला तेही लक्षात घ्यावे. १९८८ मध्ये आल्बेर्टिना संग्रहालयासमोर शिल्पकार हर्दलिच्का यांचे युद्ध आणि फॅसिझमविरोधी स्मारक उभे राहिले. त्यात गुडघे टेकून रस्ता घासणाऱ्या ज्यू वृद्धाची आकृती आहे, कारण १९३८ च्या मार्चमध्ये व्हिएन्नाच्या रस्त्यांवर लोकांनी हसत हसत हेच करवून घेतले होते. पर्यटक त्या आकृतीवर बसू लागले आणि शेवटी तिच्या पाठीवर काटेरी तार बसवावी लागली. मेलेल्या माणसाचा अपमान कायमचा कांस्यात ओतून ठेवला, अशी टीका तेव्हा झाली. व्हाइटरीड यांच्या खोलीत कोणाचाही देह नाही आणि कोणाला बसायलाही जागा नाही, ही तिची मोठी जमेची बाजू आहे.

वाटसरू

अर्थात यांचा मुद्दा मी दोनदा वाचला. दोष मध्ययुगावर ढकलण्याच्या धोक्याचा मी पुरेसा विचार केला नव्हता, हे मान्य करतो. पण त्यांचा दुसरा मुद्दा माझ्याच बाजूने बोलतो असे मला वाटते. दोन समाज वेगळे असतील, दोन गुन्हे वेगळे असतील, तर मग दुसऱ्या गुन्ह्याचे स्मारक पहिल्या गुन्ह्याच्या जागेवर कशासाठी? ते लिओपोल्डश्टाटमध्ये हवे होते, किंवा जिथून ज्यूंना मृत्यूकडे नेणाऱ्या गाड्या सुटल्या त्या आस्पांग स्थानकाच्या जागेवर.

शिवाय चौकात या दोन्ही गोष्टी आधीच एकमेकींत मिसळून ठेवल्या आहेत. एका घराच्या दर्शनी भिंतीवर येशूच्या बाप्तिस्म्याचे शिल्प आहे आणि त्याखाली लॅटिन लेख आहे. जॉर्डन नदीच्या पाण्याने जशी शरीरे शुद्ध होतात तशी १४२१ च्या ज्वाळेने शहर 'हिब्रू कुत्र्यां'च्या पापांतून शुद्ध केले, असे तो लेख आनंदाने सांगतो. हे शिल्प पंधराव्या शतकाच्या अखेरीचे आहे, म्हणजे कोणी रागाच्या भरात लावलेले नव्हे. जाळपोळीनंतर दोन पिढ्यांनी सावकाश, पैसे मोजून लावलेले. त्याला उत्तर म्हणून १९९८ मध्ये ख्रिस्ती समाजाच्या वतीने चौकात दुसरी पाटी बसली. तिच्यात ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी पसरवलेल्या द्वेषाची कबुली आहे आणि १४२१ चा विध्वंस हे विसाव्या शतकात जे घडले त्याचे भयसूचक चिन्ह होते, असे म्हटले आहे. म्हणजे सरळ रेष आम्ही हौशी मंडळींनी काढलेली नाही.

जुनी वीट

मी चुन्याच्या बांधकामांच्या जतनाचे काम करतो. युरोपातल्या कामाचा अनुभव मला थोडा आहे, सह्याद्रीतल्या किल्ल्यांचा अधिक आहे. 'अवशेष उघडे करावेत' हे वाक्य मी ज्या सहजतेने लोकांच्या तोंडून ऐकतो, तिची मला दर वेळी धास्ती वाटते.

जमिनीखाली दबलेली भिंत एका समतोलात असते. ओलावा, तापमान आणि क्षार यांचे तिचे गणित शेकडो वर्षांत बसलेले असते. खणून ती उघडी केली की ते गणित एका दिवसात मोडते. भिंतीतले पाणी पृष्ठभागाकडे येते, सुकते आणि बरोबर आणलेले क्षार तिथेच स्फटिक होऊन दगडाची कातडी सोलतात. व्हिएन्नासारख्या शहरात यात गोठण्याची भर पडते: रात्री पाणी गोठून फुगते, दिवसा वितळते, आणि चुन्याचा सांधा दर हिवाळ्यात थोडा थोडा मोकळा होतो. भट्टीत भाजलेल्या फरशीचे हाल तर याहून वाईट. ज्या चौथऱ्याला पावणेसहाशे वर्षे फरसबंदीने सांभाळले तो उघड्यावर पन्नास वर्षे टिकला असता का, याची मला शंका आहे. काच घालावी म्हणाल तर काचेखाली दमटपणा साचतो आणि शेवाळ धरते. ती हवा खेळती ठेवायला यंत्रणा लागते, आणि मग ज्याला आपण 'उघडे अवशेष' म्हणतो ते प्रत्यक्षात दवाखान्यात ठेवलेले अवशेष असतात. कोलोनमध्ये महापालिकेसमोरच्या मध्ययुगीन मिक्व्यावर, म्हणजे धार्मिक स्नानाच्या कुंडावर, अनेक वर्षे काचेचा पिरॅमिड होता. आता तिथे संपूर्ण पुरातत्त्वीय परिसर छपराखाली घेणारे संग्रहालय उभारले जात आहे, आणि त्यामुळे चौक बुजतो म्हणून तिथेही भांडणे झालीच.

एर्फुर्टचे उदाहरण मला नेहमी अंतर्मुख करते. तिथल्या जुन्या सिनॅगॉगचे सर्वांत जुने भाग अकराव्या शतकाच्या अखेरीचे आहेत. १३४९ च्या कत्तलीनंतर ती इमारत कोठार झाली, पुढे खाणावळ झाली, नाचघर झाली. तिच्याभोवती इतकी बांधकामे चिकटली की ती सिनॅगॉग आहे हेच लोक विसरले, आणि त्या विस्मृतीमुळेच नाझींच्या काळात ती वाचली. आज ती संग्रहालय आहे आणि २०२३ मध्ये तिची जागतिक वारशात नोंद झाली. ज्या गोष्टीला कोणी ओळखत नव्हते तीच टिकली. व्हिएन्नात ओळखून पाडले, म्हणून पाये उरले.

म्हणून माझे मत वाटसरू यांच्या विरुद्ध आहे, पण अर्थात यांच्याही पूर्ण बाजूचे नाही. अवशेष खाली ठेवले हे उत्तम झाले. एक मीटर सरकवण्याचा निर्णय मात्र मला तडजोडीतली सर्वांत केविलवाणी गोष्ट वाटतो. एक मीटरने बीमाचा मान राहिला असे कोणाला वाटले असेल तर ते वाटणाऱ्याच्या समाधानापुरतेच आहे. निदान फ्रांकफुर्टसारखे झाले नाही, एवढे म्हणता येईल. तिथे १९८७ मध्ये नगरपालिकेच्या वीज-पाणी विभागाची इमारत बांधताना ज्यूंच्या गल्लीतल्या एकोणीस घरांचे पाये सापडले, लोकांनी खड्ड्यात उतरून निदर्शने केली, आणि अखेर पाच घरांचे पाये दगड दगड काढून नव्या इमारतीच्या तळघरात पुन्हा रचले गेले. बाकीचे गेले. रचलेल्या दगडांना मी अवशेष म्हणायला कचरतो; जागेवरून हलवलेला पाया ही माझ्या लेखी पायाची प्रतिकृती आहे.

दर्यावर्दी

मी व्हिएन्नात सात वर्षे राहिलो आहे. चौकातल्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी तेव्हा स्मारकाला विरोध केला होता, गाड्या लावायला जागा राहणार नाही आणि गिऱ्हाईक येणार नाही म्हणून. त्यांना सरसकट ज्यूद्वेष्टे ठरवले गेले, ते मला पटत नाही. जिवंत शहरात माणसांना राहायचे असते. दर चौकाखाली काहीतरी सापडणारच. प्रत्येक ठिकाणी थांबून मान खाली घालायची असेल तर शहर चालणार कसे?

अर्थात

दर्यावर्दी, दुकानदारांची चिंता खरी असू शकते आणि तरीही ती या प्रसंगी लाजिरवाणी असू शकते. पासष्ट हजार मृतांच्या स्मारकासमोर गाडी लावायच्या जागेचा हिशेब मांडणाऱ्या माणसाला मी ज्यूद्वेष्टा म्हणणार नाही; पण त्याने तो हिशेब जाहीर मांडला याची नोंद जरूर ठेवीन.

वाटसरू यांच्या प्रश्नाला उत्तर देणे राहिले आहे. स्मारक आस्पांगला हवे होते हा विचार चांगला आहे, परंतु विझेन्थाल यांना ते शहराच्या काळजात हवे होते, जिथे सरकारी कचेऱ्या आणि न्यायालये आहेत. याच चौकात बोहेमियन चान्सलरीचा प्रासाद आहे. समोर लेसिंगचा पुतळा आहे; 'नॅथन द वाइज' या नाटकातून सहिष्णुतेची बाजू मांडणाऱ्या त्या लेखकाचा मूळ पुतळा नाझींनी काढून वितळवला होता, आणि शिल्पकार शारू यांनी तो युद्धानंतर पुन्हा घडवला. इतक्या गोष्टी जिथे आधीच एकमेकींकडे पाहत उभ्या आहेत, तिथे एक मूक खोली ठेवणे मला योग्यच वाटते.

मिसळण्याविषयी म्हणाल तर रेगेन्सबुर्ग पाहा. तिथले ज्यू १५१९ मध्ये हाकलले गेले आणि सिनॅगॉग पाडले गेले. ते पाडण्यापूर्वी चित्रकार आल्ब्रेख्त आल्टडॉर्फर याने त्याच्या अंतर्भागाचे आणि देवडीचे कोरीव ठसे काढून ठेवले, म्हणून ते कसे दिसत होते हे आपल्याला ठाऊक आहे. हाच आल्टडॉर्फर हद्दपारीचा निर्णय घेणाऱ्या नगरसभेचा सभासद होता. १९९० च्या दशकात त्या चौकात उत्खनन झाले, आणि २००५ मध्ये दानी कारावान यांनी सिनॅगॉगचा आराखडा पांढऱ्या काँक्रीटमध्ये जमिनीवर उठवून ठेवला. लोक त्यावर बसतात, मुले खेळतात. वाटसरू यांना हवे होते ते याच्याच जवळपास जाणारे आहे असे मला वाटते, आणि मला ते आवडतेही. पण त्यात हिटलरच्या काळाचा भार त्या आराखड्यावर टाकलेला नाही, हे लक्षात घ्यावे.

कुलाबकर

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचा, आहे. आजोळ अलिबागजवळ, आता वास्तव्य इस्रायलमध्ये. इथे सहसा वाचून निघून जातो, परंतु या वेळी लिहितो.

तुम्ही सर्वांनी स्मारक, राजकारण आणि जतन यांविषयी लिहिले. ज्यांची ती वास्तू होती त्यांच्या धर्मशास्त्राने मोडक्या सिनॅगॉगविषयी काय सांगितले आहे, ते मात्र कोणी विचारले नाही. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहाच्या 'मगिल्ला' प्रकरणात हा विषय थेट येतो. उद्ध्वस्त झालेल्या सिनॅगॉगात दोर वळू नयेत, जाळी पसरू नयेत, त्याच्या छपरावर फळे वाळत घालू नयेत आणि त्याचा जवळच्या वाटेसारखा उपयोग करू नये, कारण ते ओसाड झाले तरी त्याचे पावित्र्य जात नाही. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला यातला जाळ्यांचा भाग विशेष समजतो. मोकळी जागा दिसली की जाळे पसरायचा मोह कोणाला होत नाही? आणि पुढे असे म्हटले आहे: तिथे गवत उगवले तर ते उपटू नये, मनाला क्लेश व्हावा म्हणून.

या एका परिच्छेदावरून तुमच्यापैकी दोघांचेही समर्थन करता येईल. गवत उपटू नये म्हणजे पडझड दिसू द्यावी, झाकू नये. हा वाटसरू यांचा पक्ष. जवळची वाट करू नये म्हणजे डोक्यावर चौक वाहता ठेवू नये. इथे ते एक मीटरचे सरकवणे जुन्या विटेला वाटते तितके हास्यास्पद राहत नाही. कोणी तरी, कदाचित नकळत, त्या चौथऱ्यावर काही लादू नये एवढे पथ्य पाळले. मला तेवढ्याचेही मोल वाटते.

पण माझी खरी तक्रार तुम्हा सर्वांकडे आहे. वाटसरू यांना अवशेष हेच स्मारक हवे आहे. अर्थात यांना अवशेष स्मारक होण्यास अपुरे वाटतात. जुनी वीट यांना ते सुरक्षित हवे आहेत. कोणालाही ते सिनॅगॉग म्हणून नको आहेत. ती वास्तू दीडशेहून अधिक वर्षे वापरात होती. तेवढ्या काळात तिथे दर शनिवारी तोरा उघडली गेली, लग्ने ठरली, वर्गणीवरून भांडणे झाली असतील, हिवाळ्यात पाय गारठले असतील. तेराव्या शतकात व्हिएन्नात राहिलेल्या रब्बी (धर्मपंडित) इसहाक बेन मोशे यांना त्यांच्या 'ओर झारूआ' या ग्रंथाच्या नावानेच ओळखले जाते; 'पेरलेला प्रकाश' असा त्याचा अर्थ. ज्यांचा शब्द पुढे सगळ्या जर्मन ज्यूंनी प्रमाण मानला ते रोथेनबुर्गचे रब्बी मेइर त्यांच्याच हाताखाली शिकले. अवशेषांविषयीच्या या लांबलचक चर्चेत 'पंडित' हा शब्द एकदा आला आणि १४२१ चा उल्लेख मोजवेना. एका वर्षाने दीडशे वर्षे खाऊन टाकली.

फ्रान्समधल्या रूआँ शहरात १९७६ मध्ये न्यायालयाच्या अंगणाची फरसबंदी करताना १२ व्या शतकाच्या सुरुवातीची एक ज्यू इमारत सापडली. ती सिनॅगॉग होती, विद्यालय होते की एखाद्या धनिकाचे घर होते, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. भिंतीवर कोणी हिब्रूत ओरखडून ठेवले आहे की हे घर उन्नत राहो. शास्त्रवचनातलेच शब्द, पण खिळ्यासारख्या टोकाने लिहिलेले. लोक त्या वास्तूला आता त्याच नावाने ओळखतात. रूआँच्या ज्यूंचीही १०९६ मध्ये कत्तल झाली होती आणि १३०६ मध्ये सगळ्या फ्रान्समधून हकालपट्टी झाली. तरी तिथे भांडण चालते ते इथे काय शिकवले जात होते, याविषयी. व्हिएन्नाच्या वाट्याला असे भांडण यावे, असे मला वाटते.

आमच्याकडची एक गोष्ट सांगून थांबतो. मुंबईत १७९६ मध्ये सामुएल दिवेकरांनी बांधलेल्या सिनॅगॉगला आसपासचे लोक मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. लाखो लोक रोज तो शब्द उच्चारतात आणि त्यात कोणाचाही मृत्यू नाही.

जुनी वीट

कुलाबकर यांनी एक मीटरचा जो अर्थ सांगितला तो मला माहीत नव्हता. 'केविलवाणी' हा शब्द मागे घेतो. जतनाच्या बाबतीत मात्र माझे मत तेच आहे: गवत उपटू नये हे धर्मशास्त्राला शोभते, पण चुन्याच्या भिंतीत गवताचे मूळ शिरले की भिंत दुभंगते, आणि मग क्लेश करून घ्यायलाही काही उरत नाही.

अर्थात

कुलाबकर यांच्याशी मी एका मर्यादेपर्यंतच सहमत होऊ शकतो. दीडशे वर्षांचे जगणे दाखवावे, जरूर दाखवावे, आणि खालच्या संग्रहालयात मध्ययुगीन वस्तीचे चित्र उभे करण्याचा प्रयत्न केलेलाही आहे. परंतु जगणे दाखवताना ते कसे संपले हे दुसऱ्या दालनात ढकलले की पहिले दालन गोड होते. रूआँच्या लोकांना विद्यालय की सिनॅगॉग यावर वाद घालण्याची जी मोकळीक आहे, ती कत्तलीला नऊशे वर्षे झाल्यामुळे आहे. व्हिएन्नात वरच्या स्मारकामागच्या नाझी काळातल्या घटनेला अजून एका दीर्घ आयुष्याइतकाच काळ लोटला आहे. तिथे ही मोकळीक मागणे मला घाईचे वाटते.

वाटसरू

घाईचे असेल. तरीही कुलाबकर यांचा प्रतिसाद वाचून मी माझी प्रवासातली वही काढली आणि खाली उतरलो त्या दिवशी काय लिहिले होते ते पाहिले. पान दीड पान मजकूर आहे. त्यात तारखा आहेत, ड्यूकचे नाव आहे, सिनॅगॉगात कोंडल्या गेलेल्यांनी बाप्तिस्मा टाळण्यासाठी स्वतःचा अंत करून घेतल्याची परंपरागत हकिगत आहे, आणि 'दगडांवर जळाल्याच्या खुणा दिसतात का ते नीट पाहिले, अंधूक प्रकाशामुळे कळले नाही' असे एक वाक्य आहे. बीमाविषयी 'सहा बाजू' एवढेच दोन शब्द आहेत.

चौकात स्मारक नको होते, हे मत मी आज तरी सोडत नाही. पण जिथे उभे राहून माणसे वाचत होती ती जागा दोन हातांवर असताना मी भिंतींवर काजळी शोधत होतो.